भागिले ७२

स्पिटफायर मार्क १ हे ब्रिटिश लढाऊ विमान उड्डाणाला सज्ज असताना सुमारे २६०० किलो भरायचं. तेच विमान १:७२ प्रमाणात लहान केलं, तर त्याचं वजन किती व्हायला हवं? लांबी, रुंदी, उंची तिन्ही ७२ पटींनी घटतात, म्हणजे आकारमान ७२ × ७२ × ७२, जवळपास पावणेचार लाख पटींनी घटतं. उत्तर येतं सात ग्रॅम. सुटे भाग जोडून असं छोटं विमान, म्हणजे मॉडेल, बनवायची किट मिळतात. त्यांतलं प्लास्टिक एक मिलिमीटर जाड धरलं तर नुसते पंखच त्याहून जड होतात.

खोक्यावर छापलेलं १:७२ हे प्रमाण लांबीपुरतंच खरं असतं. वजन, जाडी, रंग आणि पाहणाऱ्याचा डोळा यांतलं काहीच त्या भागाकाराला जुमानत नाही. चांगलं मॉडेल बनवणं म्हणजे या प्रत्येक ठिकाणी कुठे किती खोटं बोलायचं हे ठरवणं.

७२ हा आकडा आला इंच-फुटांच्या हिशेबातून: मॉडेलवरचा एक इंच म्हणजे विमानावरचे सहा फूट. ब्रिटनमध्ये ‘फ्रॉग पेंग्विन’ नावाने या प्रमाणातली प्लास्टिकची किट १९३६ मध्ये बाजारात आली. योगायोग असा, की त्याच वर्षी ५ मार्चला स्पिटफायरचं पहिलं उड्डाण झालं होतं. पुढे महायुद्धात या प्रमाणाला सरकारी काम मिळालं. नुसत्या आकारावरून विमान आपलं की शत्रूचं हे ओळखायला सैनिकांना शिकवायचं होतं, म्हणून १९४२ मध्ये अमेरिकी नौदलाने शाळकरी मुलांकडून १:७२ ची लाकडी विमानं करून घेतली. सुरुवातीच्या किटचं सेल्युलोज अ‍ॅसिटेट कालांतराने वाकडं व्हायचं. आज बहुतेक किट पॉलिस्टायरीनची असतात.

पॉलिस्टायरीन सोयीचं आहे, कारण ते चिकटवावं लागत नाही. मॉडेल करणारे ज्याला ‘सिमेंट’ म्हणतात तो खरं तर द्रावक असतो, उदाहरणार्थ ब्युटॅनोन. दोन भाग जुळवून फटीवर ब्रशचं टोक टेकवलं की केशाकर्षणाने तो पातळ द्रव सांध्याच्या टोकापर्यंत आपोआप धावतो. प्लास्टिकचे लांबलचक रेणू त्यात सैल होतात, समोरच्या भागातल्या रेणूंमध्ये गुंततात आणि द्रावक उडून गेला की तिथेच अडकून राहतात. म्हणजे हे एक प्रकारचं वेल्डिंगच. मात्र आत मुरलेला द्रावक सावकाश बाहेर पडतो. सांधा वरून कोरडा लागला म्हणून लगेच पॉलिश पेपर मारला, तर आज गुळगुळीत दिसणारी जागा काही दिवसांनी खाली बसते आणि रंगाखालून पुसट रेघ वर येते. कॉकपिटच्या काचेपाशी सुपरग्लू वापरू नये, यामागेही रसायनशास्त्रच आहे. सुपरग्लूमधल्या सायनोअ‍ॅक्रिलेटची वाफ आसपासच्या पृष्ठभागावर पांढरा थर होऊन बसते. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत बोटांचे ठसे उठवायला हाच गुण वापरतात.

नाकाखाली चाक असलेल्या विमानांची एक वेगळी गंमत आहे. बेल पी-३९ एअराकोब्राचं इंजिन वैमानिकाच्या मागे होतं आणि नाकात ३७ मिलिमीटरची तोफ. मॉडेलच्या नाकात असते फक्त हवा, त्यामुळे ते शेपटीवर बसतं. उपाय म्हणजे नाकात शिशाचे तुकडे, तेही दोन अर्धी अंगं जोडण्याआधी. नंतर आत शिरायला जागा नसते.

आता डोळ्याकडे येऊ. हाताएवढ्या अंतरावरून, समजा ३० सेंटिमीटरवरून, आपण १:७२ चं मॉडेल पाहतो तेव्हा खऱ्या विमानापासून २१.६ मीटर दूर उभं राहिल्यासारखं असतं. विमानाच्या पत्र्यांमधली सांध्याची फट साधारण मिलिमीटरभर धरू. भागिले ७२ केली की उरते ०.०१४ मिलिमीटर. ३० सेंटिमीटरवरून दोन खुणा वेगळ्या दिसायला त्यांच्यात सुमारे ०.०९ मिलिमीटर अंतर लागतं. एकटी गडद रेघ याहून बरीच बारीक असली तरी जाणवते, पण पुसट, पार्श्वभूमीपेक्षा किंचित काळसर. किटवर कोरलेली रेघ मात्र ०.१ मिलिमीटरच्या आसपास असते. ती खऱ्या विमानावर नेली तर सात मिलिमीटरची चर होते, पेन्सिल सहज बसेल अशी! त्यात पातळ काळा रंग सोडून ती भरायची रीत आहे, आणि तो रंगही केशाकर्षणानेच चरीतून पळतो. काळ्या रेघांनी चौकटी आखलेलं विमान मला फरशी बसवल्यासारखं दिसतं. मूळ रंगाचीच थोडी गडद छटा वापरली तर चर रुंद असूनही डोळा ती पुसट रेघ म्हणून स्वीकारतो.

रिव्हेटची, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळीची, गोष्ट याहून मजेची. स्पिटफायरच्या पहिल्या नमुन्यावर पत्र्यात सपाट बसणारे रिव्हेट होते, पण ते बसवणं वेळखाऊ काम होतं. कुठे ते खरंच लागतात हे तपासायला अभियंत्यांनी रिव्हेटांच्या डोक्यांवर वाटाण्याची डाळ चिकटवली आणि विमान उडवून पाहिलं. सगळीकडे डाळ लावल्यावर वेग ताशी सुमारे ३५ किलोमीटरने घटला. मग एकेका भागावरची डाळ काढत ते ठरवत गेले, कुठे गोल डोकं चालेल आणि कुठे नाही. जो रिव्हेट खऱ्या विमानावर दिसू नये म्हणून एवढा खटाटोप झाला, तो मॉडेलवर ठसठशीत टोचायला लोक रात्री जागवतात. चार-पाच मिलिमीटरचं रिव्हेट १:७२ ला होतं ०.०६ मिलिमीटरचं, इतक्या बारीक सुईने टोचणं जवळपास अशक्यच. पण खड्डे नसले की पंख कोरा, खेळण्यातला वाटतो, हेही खरं. इथे मी माझ्यापुरता कौल दिलेला नाही.

एका गोष्टीला मात्र भागाकार लागूच होत नाही, ती म्हणजे कोन. स्पिटफायरचे पंख मुळापासून टोकाकडे सहा अंशांनी वर जातात. मॉडेलवरही सहाच अंश. पंख जोडताना एका बाजूला एका अंशाची चूक झाली तर ती खऱ्या विमानावर दिसली असती तेवढीच मॉडेलवर दिसते, ती ७२ पटींनी लहान होत नाही. पंखाच्या टोकाला ती जेमतेम दीड मिलिमीटर भरते, पण समोरून पाहणाऱ्याच्या नजरेला तीच आधी खुपते. म्हणून अनुभवी माणूस कॉकपिटमधल्या बटणांवर घालवेल त्याहून जास्त वेळ पंख, शेपूट आणि चाकं सरळ बसवण्यात घालवतो.

रंगाचा वाद सर्वांत जुना. ब्रिटिश हवाईदलाचा ‘डार्क ग्रीन’ आणि ‘डार्क अर्थ’ (मातकट तपकिरी) अगदी मूळ नमुन्याशी जुळवून लावले तरी मॉडेल फार काळपट दिसतं, म्हणून रंगात थोडा पांढरा मिसळतात. यामागचं कारण सांगितलं जातं ते असं, की दूरच्या वस्तूंवर हवेचा धूसरपणा चढतो. पण २० किलोमीटरपर्यंत दिसत असेल अशा दिवशी २१.६ मीटर हवेतून जाताना रंगातला फरक अर्धा टक्कादेखील कमी होत नाही. हवा निर्दोष आहे. खरा फरक उजेडाचा आणि आकाराचा. दुपारच्या उन्हात सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो, घरातल्या खोलीत काही शे. प्रकाश वाढला की रंग अधिक भरदार दिसतात, याला हंट परिणाम म्हणतात. शिवाय एकच रंग मोठ्या भिंतीवर जास्त उजळ भासतो आणि नखाएवढ्या तुकड्यावर गडद. उपाय बरोबर, कारण चुकीचं. पांढरा किती मिसळायचा याचं सूत्र नाही. मॉडेल जिथे ठेवणार त्या उजेडात पाहून ठरवावं.

शेवटी डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून सरकवायची चिन्हं. मॅट रंग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो. त्यावर डिकल लावलं की खड्ड्यांमध्ये हवा अडकते आणि हवेच्या त्या असंख्य कप्प्यांवरून प्रकाश परत फिरून पारदर्शक पडदा चंदेरी दिसू लागतो. म्हणून आधी चकचकीत वॉर्निश मारून खड्डे बुजवायचे, मग डिकल लावायचं, वरून ते मऊ करणारं द्रावण लावून पत्र्याच्या चरीत बसवायचं. हे सगळं सुकलं की अखेरचा हात मॅट वॉर्निशचा. त्यात सिलिकाचे बारीक कण असतात. ते पृष्ठभाग पुन्हा खडबडीत करतात आणि प्रकाश सगळीकडे विखुरतात. डिकलखाली जो खडबडीतपणा नको होता, तोच डिकलच्या वर हवा असतो.