पन्नास वर्षं मोडू न दिलेला बँड

अमेरिकी जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनचं नाव निघालं की बोलणं त्याच्या रचनांवर जातं. मला थक्क करतो तो त्याचा पगारपट. १९२४ मध्ये बँडची सूत्रं हातात आली, ती १९७४ मध्ये मरेपर्यंत त्यानं सोडली नाहीत.

जन्म १८९९ चा, वॉशिंग्टनचा. तरुणपणी तो पाट्या रंगवायचा. नाचाच्या कार्यक्रमाचं पोस्टर करून घ्यायला कुणी आलं की विचारायचा, वाजवायला कोण आहे? ठरलं नसेल तर सुपारी हाच घ्यायचा. १९२३ मध्ये तो ‘वॉशिंग्टोनियन्स’ या छोट्या बँडबरोबर न्यूयॉर्कला आला. प्रमुख होता बँजोवादक एल्मर स्नोडेन. पैशांच्या वाटणीवरून बिनसलं, स्नोडेन गेला आणि पियानोवरचा एलिंग्टन पुढारी झाला.

या बँडला पहिली ओळख दिली ट्रंपेटवाल्या बबर मायलीनं. तुंबलेली मोरी मोकळी करायचा रबरी पंप असतो ना, त्याची नुसती वाटी घेऊन तो ट्रंपेटच्या तोंडावर झाकायचा, उघडायचा आणि त्याच वेळी घशातून गुरगुरायचा. वाद्य बोलतंय, रडतंय, भांडतंय असं वाटायचं. नाचाच्या बँडमध्ये तोवर गोड वाजवण्याची चढाओढ होती. एलिंग्टननं हा खरखरीत आवाज झाकला नाही, त्याच्याभोवती सुरावट बांधली.

४ डिसेंबर १९२७ पासून बँड न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या कॉटन क्लबात वाजवू लागला. मंचावरचे कलाकार कृष्णवर्णीय, पण खुर्च्यांवर फक्त गोरे. हा अपमान रोजचा होता. तिथून होणाऱ्या रेडिओ प्रक्षेपणामुळे मात्र नाव देशभर गेलं. पुढं दक्षिणेकडच्या दौऱ्यांत हॉटेलं दारात उभी करत नसत, तेव्हा बँड रेल्वेचे डबेच भाड्यानं घेई आणि त्यातच झोपे, जेवे.

आपल्याकडच्या जुन्या नाटक कंपन्यांसारखं हे बिऱ्हाड होतं. एलिंग्टन ‘दुसरा ट्रंपेट’, ‘तिसरा सॅक्सोफोन’ अशा हिशेबानं लिहीत नसे. सुरावटीच्या कागदावर वादकाचं नाव, कधी टोपणनाव असे. तो सूर कुणी घ्यायचा हे लिहितानाच ठरलेलं. माणूस बदलला की रचनाही बदलावी लागे. म्हणूनच त्याला माणसं टिकवायची होती.

आणि ती महाग होती. दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या बँडांचा काळ सरला. प्रवासखर्च वाढला, नाचाच्या जागांवर जबर कर बसला, लोक गायकांकडे वळले. १९४६ च्या अखेरीस बेनी गुडमनसह कितीतरी जणांनी बँड बरखास्त केले. १९५० मध्ये काउंट बेसीलाही मोजक्या वादकांवर यावं लागलं. एलिंग्टन आपल्या गाण्यांची रॉयल्टी बँडच्या पगारात ओतत राहिला. आज लिहिलेलं उद्या कानांनी ऐकायला मिळावं, एवढ्यासाठी.

१९५६ च्या न्यूपोर्ट जॅझ महोत्सवात बँडमधल्या पॉल गोन्साल्विसनं सॅक्सोफोनवर सलग २७ आवर्तनं घेतली, लोक उठून नाचू लागले आणि बँडला दुसरा जन्म मिळाला. आडनाव आपल्याला गोव्या-वसईचं वाटतं, पण त्याचे आईवडील आफ्रिकेजवळच्या केप व्हर्डे बेटांवरचे. पोर्तुगिजांची सत्ता तिथंही होती.

१९६३ मध्ये अमेरिकी सरकारनं हा बँड आशियात पाठवला, त्यात दिल्ली-मुंबईही होती. दिल्लीत एलिंग्टनचा जोडीदार रचनाकार बिली स्ट्रेहॉर्न याच्या कानावर पडलेली एका पाखराची शीळ पुढं त्यांच्या रचनेत क्लॅरिनेटवर आली.

गोन्साल्विस मे १९७४ मध्ये गेला आणि त्यानंतर काही दिवसांतच, २४ मे रोजी, एलिंग्टन. १७ व्या वर्षी बँडमध्ये आलेला, पुढं एलिंग्टनला आपल्या गाडीतून गावोगाव नेणारा बॅरिटोन सॅक्सोफोनवाला हॅरी कार्नी त्याच ऑक्टोबरात गेला. तोवर एलिंग्टनच्या मुलानं, मर्सरनं, बँड हाती घेतला होता.