सिव्हिलायझेशन (संगणकीय खेळमालिका)

पाळीपाळीने खेळायच्या संगणकीय रणनीती-खेळांतील एक गाजलेली मालिका. सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी घडवलेला पहिला खेळ मायक्रोप्रोज कंपनीने १९९१ मध्ये आणला. फिराक्सिस कंपनीने घडवलेला मुख्य मालिकेतील सातवा भाग फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. इ. स. पू. ४००० मध्ये पहिले शहर वसवायचे, नवनव्या विद्या मिळवायच्या आणि शेजाऱ्यांना जिंकून किंवा अवकाशयान सर्वांआधी मुक्कामी पोहोचवून डाव मारायचा, असा मूळ खेळाचा गाभा होता. पुढच्या बहुतेक भागांनी त्या त्या वेळचे एखादे दुखणे हेरून त्यावर इलाज केला.

पहिल्या भागात चकमकीचा निकाल एका फटक्यात लागे. त्यामुळे भालाईतांची तुकडी क्वचित युद्धनौकाही बुडवी. ब्रायन रेनल्ड्सच्या दुसऱ्या भागाने (१९९६) तुकड्यांना जीवनबळ आणि मारकशक्ती देऊन हा विचित्रपणा पुष्कळसा कमी केला. तिसऱ्या भागात (२००१) संस्कृतीच्या प्रभावाने राज्याची हद्द वाढू लागली आणि लढाई न करताही शेजारचे शहर आपल्याकडे वळू लागले. सोरेन जॉन्सनच्या चौथ्या भागात (२००५) धर्म आले. सात धर्म, पण खेळातला परिणाम सर्वांचा सारखाच, कारण कोणालाही झुकते माप द्यायचे नाही असे ठरले होते. हा निर्णय शहाणपणाचा होता.

खरे वळण पाचव्या भागाचे (२०१०, जॉन शेफर). नकाशावरची चौकोनी घरे जाऊन षटकोनी आली आणि एका घरात एकच लढाऊ तुकडी ठेवता येऊ लागली. तोवर वीस-तीस तुकड्यांचा ढीग एकाच घरात घालून शहरावर लोटणे हीच युद्धकला होती. आता डोंगर, नदी आणि अरुंद वाट यांना अर्थ आला. मात्र संगणक चालवतो त्या प्रतिस्पर्ध्याला ही दाटी हाताळणे फारसे जमले नाही. मालिकेतील युद्ध मात्र कायमचे बदलले. एड बीचच्या सहाव्या भागाने (२०१६) हाच विचार शहरांना लावला. विद्यापीठ, बंदर, बाजार एका ठिपक्यात न कोंबता त्यांचे विभाग नकाशावर पसरले, आणि कोणता विभाग कशाला लागून आहे याचा हिशेब सुरू झाला.

गोव्यातील वाचकाला पाचव्या-सहाव्या भागांतला पोर्तुगाल जवळून पाहण्यासारखा आहे. पाचव्या भागाच्या २०१३ च्या पुरवणीत राणी मारिया पहिली आली, सहाव्यात २०२१ मध्ये राजा जुआंव तिसरा. दोघांकडेही ‘नाव’ हे मोठे व्यापारी गलबत आणि ‘फेइतोरिया’ ही परमुलखात घालायची वखार आहे. सहाव्या भागात हे गलबतच परक्याच्या किनाऱ्यावर वखार उभारते, मग तिथल्या व्यापारातून सोने येत राहते. लिस्बन-गोवा वाहतुकीचे अर्थकारण इतक्या नेमक्या रीतीने खेळात क्वचितच उतरले असेल. पण जुआंवच्या कारकिर्दीत (१५२१–१५५७) गोवा पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील राज्याची राजधानी झाली, तशीच १५४० च्या सुमारास तिसवाडीतील देवळेही पाडली गेली. १५४२ मध्ये ख्रिस्ती धर्मप्रचारक फ्रान्सिस झेवियर इथे उतरला. वखारीमागोमाग येणारी ही सत्ता खेळात दिसत नाही. व्यापार तेवढा राहतो आणि राजा सौम्य वाटतो. ही उणीव मोठी आहे.

सातव्या भागाने सर्वांत धाडसी बदल केला. डावाचे प्राचीन, शोधयात्रांचे आणि आधुनिक असे तीन कालखंड झाले. खेळ आला तेव्हा प्रत्येक वळणावर नवी सभ्यता निवडावी लागे, नेता मात्र तोच राही. सुरुवातीपासून एकच राज्य जपायची सवय असलेले जुने खेळाडू यावर नाराज झाले. कदंब, बहमनी, विजयनगर, आदिलशाही आणि पोर्तुगीज असे थर गोव्याच्या एकाच भूमीवर चढलेले ज्यांनी इतिहासात वाचले, त्यांना ही मांडणी पटण्याजोगी आहे. काही नद्यांतून जहाजेही आता आत नेता येतात.

पहिल्या सहा भागांत भारत ही एकच सभ्यता होती आणि प्रत्येक भागात गांधीजी नेते म्हणून होते. सातव्याच्या पहिल्या आवृत्तीत ते नाहीत. अशोक आहे, आणि मौर्य, चोळ, मुघल अशा तीन वेगळ्या सभ्यता आहेत. १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेणारे मराठे मात्र खेळ आला तेव्हा या यादीत नव्हते.