नावेच्या ट्रान्सममधला प्लाय कुजू नये म्हणून

अ‍ॅल्युमिनियमच्या नावेला काही होत नाही, असं समजून चालणारे ग्राहक आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरमधल्या शेडमध्ये दरवर्षी मे अखेरीस येतात. नाव खरंच ठणठणीत असते. फक्त इंजिन अडकवायची मागची उभी पाठ, म्हणजे ट्रान्सम, डुगडुगायला लागलेली असते. बाहेरून पत्रा दिसतो, पण इंजिनचा भार पेलतो तो आतला प्लाय.

शिरोळ भागातली एक नाव अशीच आली होती. वरची पट्टी उचकटली, तर प्लाय चहात बुडवलेल्या खारीसारखा पापुद्रे सुटून हातात आला. पुरात ती जेमतेम पंधरा दिवस पाण्यात होती. बाकीचं वर्ष शाळेच्या मागं, ताडपत्रीत गुंडाळून.

घोटाळा त्या बाकीच्या वर्षात होतो. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या वर टिकून राहिला आणि हवा मिळत राहिली, की बुरशीचं फावतं. बोल्टच्या भोकातून, इंजिनच्या क्लॅम्पनं (आवळून धरणाऱ्या पकडीनं) पाडलेल्या खड्ड्यातून, नावेतलं पाणी सोडायच्या बुचाच्या कडेनं पाणी आत शिरतं. दोन्हीकडून पत्रा, त्यामुळं सुकायला वाट नाही. म्हणून नाव ठेवताना नाक वर करा, मागचं बूच काढून ठेवा, भोकात पालापाचोळा अडकलाय का ते अधूनमधून बघा. ताडपत्री बांबूवर उंच धरा; अंगाला चिकटून बांधलीत तर आत वाफ धरते. याला पैसा लागत नाही, तरी हेच कुणी करत नाही.

घरच्या घरी तपासणी

पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीला टेकलं, की तपासायला सवड कुणाला? मार्चमध्येच बघा. इंजिन तिरपं करून त्याच्या खालच्या टोकावर हातानं दाब द्या. ट्रान्समची वरची कड लवताना दिसली, तर प्लाय गेला. हातोडीच्या दांड्यानं ठोकून बघा, बद्द आवाज येईल तिथं शंका. तरीही खात्री होत नसेल, तर सगळ्यात खालचा बोल्ट काढा. भोकातून चहासारखं पाणी ओघळलं, की आणखी काही बघायची गरज नाही.

नवा प्लाय घालताना

आयएस 710 (मरीन प्लायचं भारतीय मानक) शिक्क्याचा मरीन प्लाय घ्या, पण त्याला कोणतं औषध मारलंय ते दुकानात विचारा. तांब्याचं औषध (लाकूड बहुतेक हिरवट दिसतं) बुरशीला मारतं हे खरं, पण ओलाव्यात ते तांबं अ‍ॅल्युमिनियमलाच खातं. लाकूड टिकतं आणि पत्र्याला भोकं पडतात. जाडी जुन्याइतकीच ठेवायची. आमच्याकडं येणाऱ्या बहुतेक नावांत 19 मिमीचे दोन प्लाय इपॉक्सीनं (दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या गोंदानं) चिकटवून बसवावे लागतात.

कापलेल्या कडा पाणी सगळ्यात जास्त पितात, म्हणून कडांना इपॉक्सीचे तीन हात, बाकीला दोन. आणि खरी मेहनत भोकांवर. 10 मिमीचा बोल्ट असेल तर आम्ही 16 मिमीचं भोक पाडतो, ते दाट इपॉक्सीनं भरतो, घट्ट झाल्यावर त्याच्या मधोमध पुन्हा 10 मिमीचं पाडतो. बोल्टभोवती इपॉक्सीची नळी तयार होते. सील सुटलं तरी पाणी लाकडाला लागत नाही. याला एक दिवस जास्त जातो आणि ग्राहक कुरकुरतात, पण हे टाळून आम्ही काम देत नाही.

सीलंट पॉलियुरेथेनचं वापरा. सुरुवातीला आम्हीही स्वस्तातलं, व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन लावलं होतं. दोन वर्षांनी बोल्ट काढले, तर खाली पांढरी भुकटी: पत्रा खायला सुरुवात झालेली. ती दुरुस्ती पदरच्या खर्चानं करून दिली. बोल्ट स्टेनलेस 316 चे, खाली नायलॉन वॉशर.

क्लॅम्पखाली एक जाड प्लॅस्टिकची पट्टी ठेवा, म्हणजे खड्डे पडणार नाहीत.

ट्रान्समचं काम आम्ही 15 जूननंतर घेत नाही. पावसाळी हवेत प्लाय नीट सुकत नाही, आणि ओल्या प्लायला इपॉक्सी मारली तर ओल आतच कोंडली जाते. फारच नड असेल तर वरून भोकं बुजवून देऊ, पण ‘तात्पुरती दुरुस्ती’ असं बिलावर लिहून देऊ. आणताना इंजिन उतरवून आणा.