इंग्रजीतील नकारदर्शक उभयान्वयी अव्यये

शब्द किंवा वाक्ये जोडताना नकारही व्यक्त करणारी इंग्रजीतील उभयान्वयी अव्यये. 'अनलेस' (तसे झाले नाही तर), 'लेस्ट' (तसे होऊ नये म्हणून), 'नॉर' (आणि तेही नाही) आणि 'नायदर–नॉर' (हेही नाही, तेही नाही) ही त्यांतली प्रमुख. 'अनटिल' स्वतः नकारार्थी नाही, पण त्यातल्या चुका याच जातीच्या असल्याने त्याचाही विचार इथे करावा लागतो.

या अव्ययांत नकार आधीच असतो, म्हणून पुढच्या क्रियापदाला पुन्हा 'नॉट' लावायचे नसते. मराठीत मात्र नकार क्रियापदापाशीच येतो: 'अभ्यास केला नाहीस तर', 'गाडी चुकू नये म्हणून', 'मी येत नाही तोवर'. ही रचना जशीच्या तशी इंग्रजीत नेली की वाक्य बिघडते.

'अनलेस यू डोन्ट स्टडी, यू विल फेल' या वाक्याचा अर्थ 'अभ्यास केलास तर नापास होशील' असा उलटा होतो. हवे असते 'अनलेस यू स्टडी, यू विल फेल'. गोष्ट भविष्यातली असली तरी 'अनलेस'नंतर साधा वर्तमानकाळ येतो, 'विल' नाही. शाळेत 'अनलेस म्हणजे इफ–नॉट' असे शिकवतात. वाक्यरूपांतराच्या प्रश्नांपुरते ते चालते, पण हे समीकरण पूर्ण खरे नाही. 'अनलेस' अपवाद सांगते. एखादी गोष्ट न घडणे हेच परिणामाचे कारण असेल, तर ते बसत नाही. 'ती जिंकली नाही तर मला आश्चर्य वाटेल' यासाठी 'आय विल बी सरप्राइज्ड इफ शी डझन्ट विन' असेच म्हणावे लागते.

'लेस्ट'नंतर 'शुड' किंवा क्रियापदाचे मूळ रूप येते: 'ही रॅन लेस्ट ही शुड मिस द ट्रेन' किंवा 'लेस्ट ही मिस द ट्रेन'. इथे 'मिसेस' किंवा 'शुड नॉट' चूक. हा शब्द औपचारिक लेखनातला आहे. बोलताना 'सो दॅट ही वुडन्ट मिस द ट्रेन' अधिक स्वाभाविक, आणि त्यात नकार उघड लिहावाच लागतो.

'वेट अनटिल आय डोन्ट कम' ही चूक भारतीय इंग्रजीत फार ऐकू येते. बरोबर रूप 'वेट अनटिल आय कम'. मुख्य वाक्यात मात्र नकार चालतो: 'डोन्ट लीव्ह अनटिल आय कम'.

'नॉर'ने स्वतंत्र वाक्य जोडताना सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी येते: 'ही डझन्ट स्मोक, नॉर डझ ही ड्रिंक'. 'नायदर'ची जोडी 'नॉर'शीच, 'ऑर'शी नाही, आणि दोन्हींच्या मागून एकाच प्रकारचे पद यावे. म्हणून 'ही नायदर लाइक्स टी नॉर कॉफी' सदोष. 'ही लाइक्स नायदर टी नॉर कॉफी' नेटके. वाक्यात 'नॉट' आधीच असेल तर 'आयदर–ऑर' वापरावे. बोलींमध्ये दुहेरी नकार आजही जिवंत आहे, जुन्या इंग्रजीत तर तो सर्रास होता; प्रमाण लेखनात तो दोष मानतात.

क्रियापद जवळच्या कर्त्याप्रमाणे चालते: 'नायदर द टीचर नॉर द स्टुडंट्स वेअर प्रेझेंट'. क्रम उलटला की 'वॉज' लागते आणि कानाला खटकते, त्यामुळे अनेकवचनी कर्ता शेवटी ठेवणे चांगले.