चोखंदळ गिऱ्हाईक आणि शिकणारे हात

भोसरी किंवा चाकणच्या एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात गेलात, तर मशीनच्या रांगेशेजारी भिंतीवर बहुधा एक तक्ता दिसेल. डावीकडे कामगारांची नावं, वर कामांची, आणि प्रत्येक चौकटीत चार भाग पाडलेलं वर्तुळ. पाव वर्तुळ रंगवलेलं असेल तर गडी अजून शिकतोय. अर्धं असेल तर कुणी लक्ष ठेवलं की काम करतो. पाऊण म्हणजे त्याच्या एकट्यावर काम सोपवता येतं, आणि पूर्ण वर्तुळ म्हणजे तो दुसऱ्यालाही शिकवू शकतो. या तक्त्याला स्किल मॅट्रिक्स म्हणतात. परदेशी गिऱ्हाइकाचं ऑडिट आलं की आदल्या दिवशी ही वर्तुळं भराभर रंगतात, असा विनोद शॉप फ्लोअरवर चालतो. पण वाहन उद्योगातलं आयएटीएफ १६९४९ हे प्रमाणपत्र हवं असेल, तर कुणाला काय येतं आणि ते त्याला कसं शिकवलं याची नोंद ठेवावीच लागते.

तक्ता पाहून एक प्रश्न पडतो. माल बाहेर जातो म्हणून कारखाना कामगारांना शिकवतो, की आधीपासून शिकवत होता म्हणूनच माल बाहेर जाऊ शकला?

निर्यात करणारे कारखाने बाकीच्यांपेक्षा वेगळे असतात, यात वाद नाही. अँड्र्यू बर्नार्ड आणि ब्रॅडफर्ड जेन्सन या अर्थशास्त्रज्ञांनी १९९५ साली अमेरिकी कारखान्यांचे आकडे तपासले, तेव्हा निर्यातदार आकाराने मोठे, जास्त उत्पादक आणि पगारालाही बरे निघाले. जागतिक बँकेच्या उद्योग-पाहण्यांतही अनेक देशांत असंच दिसतं, की कामगारांना रीतसर प्रशिक्षण देण्याचं प्रमाण निर्यातदारांत जास्त असतं. पण यावरून निर्यात शिकवते असं म्हणणं म्हणजे दहावीला नव्वद टक्के पडलेल्यांनाच प्रवेश देणाऱ्या क्लासने बारावीच्या निकालाची पानभर जाहिरात करण्यासारखं आहे. पोरं मुळातच हुशार होती. सोफ्रोनिस क्लेरिडीस, सॉल लाख आणि जेम्स टायबाउट यांनी १९९८ मध्ये कोलंबिया, मेक्सिको आणि मोरोक्कोतल्या कारखान्यांबद्दल साधारण हेच दाखवलं. निर्यातीला लागण्याआधीच हे कारखाने सरस होते, आणि नंतर ते आणखी सुधारले याचा पुरावा फारसा सापडला नाही.

कोंबडी आधी की अंडं, याचा निकाल लावायचा तर एकच मार्ग उरतो. कुणाला निर्यातीची ऑर्डर मिळणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. ऐकायला हे अशक्य वाटतं, पण इजिप्तमध्ये कुणीतरी ते केलं.

नाईलच्या त्रिभुज प्रदेशात, रशीदकडे जाणाऱ्या फाट्यावर फुवा नावाचं गाव आहे. हातमागावरच्या गालिच्यांसाठी ते ओळखलं जातं. बहुतेक कारखाने म्हणजे एक माग आणि एक माणूस. मालक तोच, विणकर तोच, हिशेबनीसही तोच. डेव्हिड ऍटकिन, अमित खंडेलवाल आणि ऍडम ओस्मान या अर्थशास्त्रज्ञांनी एड टू आर्टिझन्स ही स्वयंसेवी संस्था आणि हामिस कार्पेट्स हा इजिप्तमधला मध्यस्थ यांच्या मदतीने श्रीमंत देशांतल्या ग्राहकांच्या ऑर्डरी मिळवल्या. मग गावातल्या अशा छोट्या कारखान्यांतून चिठ्ठी टाकल्यासारखी निवड करून काहींनाच त्या दिल्या. बाकीचे पूर्वीसारखे देशी बाजारासाठीच विणत राहिले. दोन्ही गटांत हुशार आणि सुमार विणकर सारखेच विखुरलेले असल्यामुळे नंतर जो फरक दिसेल तो निर्यातीचाच, असं म्हणायला जागा झाली.

ऑर्डर मिळालेल्यांचा नफा १६ ते २६ टक्क्यांनी वाढला. हे अपेक्षितच म्हणायचं. त्यानंतरचा आकडा मात्र पहिल्या नजरेला घाबरवतो. त्यांचा तासाला विणून होणारा गालिचा कमी झाला! म्हणजे निर्यातीने माणसं सुस्तावली की काय? तसं नव्हतं. गालिच्याचे कोपरे काटकोनात आले पाहिजेत, कड लाटेसारखी वरखाली होता कामा नये, विणीचा घट्टपणा सगळीकडे सारखा हवा, नक्षी कागदावरच्या चित्राशी तंतोतंत जुळली पाहिजे. हे सगळं सांभाळायचं तर हात सावकाशच चालणार. चौरस मीटर मोजणारी पट्टी हा फरक पकडत नाही. आपल्याकडेही नगांवर मजुरी ठरवणाऱ्या कितीतरी कारखान्यांत मोजमापाची हीच गफलत रोज होत असते, पण तो विषय मोठा आहे.

संशोधकांचा पुढचा डाव मला सगळ्यात आवडला. त्यांनी दोन्ही गटांतल्या विणकरांना एका जागी बोलावलं आणि सगळ्यांना एकसारखा माग, एकसारखा कच्चा माल आणि एकच साधा देशी नमुना दिला. इथे परदेशी गिऱ्हाईक नव्हतं, जास्त पैसेही नव्हते. तयार झालेले गालिचे जाणकारांकडून तपासून घेतले. निर्यातीचा अनुभव असलेल्यांचे गालिचे सरस निघाले, आणि त्यांनी वेळही जास्त घेतला नव्हता. जास्त पैशांसाठी तेवढ्यापुरती काळजी घेतली असती, तर ती इथे दिसली नसती. हातात काहीतरी कायमचं उतरलं होतं.

ते उतरलं कसं? मध्यस्थ आणि विणकर यांच्यात काय बोलणं होतं याच्या नोंदी ठेवल्या होत्या. ज्या मुद्द्यावर जास्त बोलणं झालं, त्याच मुद्द्यावर सुधारणा सर्वांत जास्त. कोपऱ्यांवरून बोलणी खाल्ली की कोपरे सुधारले. थोडक्यात, तक्रार हीच शिकवणी होती. आणि म्हणूनच पाहण्यांमधल्या प्रशिक्षणाच्या आकड्यांवर माझा अर्धाच विश्वास आहे. गेल्या वर्षी रीतसर प्रशिक्षण दिलंत का, असं फुवातल्या विणकराला विचारलं, तर तो मान हलवून नाहीच म्हणेल. वर्ग नाही, फळा नाही, हजेरीपत्रक नाही. रिजेक्ट झालेला नग हातात घेऊन सुपरवायझर पाच मिनिटं जे समजावतो, ते कुठल्याच रकान्यात बसत नाही.

अर्थात गिऱ्हाईक कोण, यावर बरंच अवलंबून असतं. जानेवारी १९९९ मध्ये ब्राझीलचं चलन घसरलं आणि शेजारच्या अर्जेंटिनाचा माल तिथे महाग झाला. अर्जेंटिनातल्या काही कारखान्यांनी मग श्रीमंत देशांची वाट धरली. इरेने ब्रँबिला, डॅनियल लेडरमन आणि गिलेर्मो पोर्तो यांच्या २०१२ च्या अभ्यासात अशा कारखान्यांनी कुशल माणसं जास्त घेतली आणि पगारही जास्त दिले. नुसती निर्यात करण्याने, ठिकाण कुठलंही असो, तो परिणाम दिसला नाही. मेक्सिकोतल्या प्वेब्लाच्या फोक्सवॅगन कारखान्यात तर हा फरक एकाच आवारात पाहायला मिळायचा. जुनी बीटल मेक्सिकोच्याच गिऱ्हाइकांसाठी २००३ पर्यंत निघत होती, आणि नवी बीटल मुख्यतः बाहेर पाठवण्यासाठी. बोधचिन्ह एकच, पण दोन गाड्यांकडून असलेल्या अपेक्षा दोन टोकांच्या.

निर्यातीचं काम शिकण्याच्या आड आल्याचंही उदाहरण आहे, आणि तेही मेक्सिकोतलंच. १९८६ ते २००० या काळात तिथे निर्यातीचे कारखाने झपाट्याने वाढले. ऍटकिन यांच्याच दुसऱ्या एका अभ्यासानुसार, अशा दर २५ नव्या नोकऱ्यांमागे एक मूल बारावीपर्यंत जाण्याऐवजी नववीनंतर शाळा सोडून कामाला लागलं. बांगलादेशात कपड्यांच्या कारखान्यांजवळच्या गावांतल्या मुली मात्र उलट जास्त वर्षं शाळेत टिकल्या, कारण त्या कामात लिहिता-वाचता आणि हिशेब येणाऱ्या बाईला भाव होता.

आता पैशाची गोष्ट. कामगाराला शिकवायचं तर खर्च कुणी करायचा? अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६० च्या दशकात याची सरळ मांडणी केली. जे कौशल्य कुठेही चालतं त्यावर मालक खर्च करणार नाही, कारण शिकलेला माणूस शेजारच्या कारखान्यात जाईल. एमआयडीसीत हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं मशीन, शिकवून तयार केलेला पोरगा दिवाळीचा बोनस घेतो आणि पलीकडच्या गेटातून आत जातो. तक्त्यावरचं पूर्ण रंगलेलं वर्तुळ जातं आणि त्या जागी पाव रंगलेलं येतं. तरीही कारखाने शिकवतात. डॅरन असेमोग्लू आणि यॉर्न-स्टेफन पिश्के यांचं उत्तर असं, की नोकरी बदलणं वाटतं तितकं सोपं नसतं. त्यामुळे कामगाराचं कसब जेवढं वाढतं तेवढा पगार वाढत नाही, आणि मधली फट मालकाच्या गल्ल्यात पडते.

ही फट केवढी असू शकते, ते बंगळूरमध्ये मोजलं गेलं. शाही एक्स्पोर्ट्स ही कपडे निर्यात करणारी मोठी कंपनी. तिथे शिवणकाम करणाऱ्या बायकांना बोलणं, वेळेचं नियोजन, अडचण सोडवणं अशा गोष्टींचं प्रशिक्षण मिळत असे. तो कार्यक्रम गॅप या अमेरिकी खरेदीदार कंपनीने तयार केलेला होता, म्हणजे इथेही शिकवणी गिऱ्हाइकाकडूनच आली. अच्युत अध्वर्यू, नम्रता काला आणि अनंत न्यशधम यांनी इथेही चिठ्ठ्यांचाच मार्ग धरला. प्रशिक्षण मिळालेल्यांची उत्पादकता दहा टक्क्यांहून अधिक वाढली आणि कंपनीला खर्चावर अडीचशे टक्क्यांच्या घरात परतावा मिळाला. बायकांचा पगार साधारण अर्ध्या टक्क्याने वाढला.

फुवातला विणकर स्वतःच मालक होता, त्यामुळे सुधारलेल्या कोपऱ्यांचे पैसे त्याच्याच घरात गेले. बंगळूरच्या बायकांना ती सोय नव्हती. आणि तरी प्रशिक्षण झालेल्या बायकांमध्ये पुढचं तांत्रिक काम शिकायला पुढे येणाऱ्यांचं प्रमाण वाढलं होतं.