सेन्सो-ए आणि सेन्सो-गा: जपानी युद्धचित्रांची दोन कुळे

‘सेन्सो’ म्हणजे युद्ध, आणि ‘ए’ काय किंवा ‘गा’ काय, दोहोंचा अर्थ चित्र असाच. त्यामुळे या दोन नावांची गल्लत होणे स्वाभाविक आहे. मात्र पहिले नाव प्रामुख्याने १८९४-९५ च्या चीन-जपान युद्धातील लाकडी ठशांच्या छापचित्रांना, तर दुसरे १९३७ ते १९४५ या काळातील, बहुतांशी तैलरंगांतल्या भव्य चित्रांना लावले जाते.

सेन्सो-ए ही मुळात बाजारात विकली जाणारी वस्तू होती. बातमी ताजी आहे तोवर चित्र दुकानात यावे, अशी प्रकाशकांची घाई असे. कोबायाशी कियोचिका, मिझुनो तोशिकाता यांच्यासारखे चित्रकार वर्तमानपत्रांतील मजकुरावरून प्रसंग रचत. बहुतेकांनी रणभूमी पाहिलेलीही नव्हती. मरतानाही ओठांपासून बिगुल न काढणाऱ्या शिपायाची कथा अशीच घराघरांत पोहोचली. त्याचे नाव आधी शिराकामी गेन्जिरो असे सांगितले गेले आणि नंतर किगुची कोहेई असे बदलले. गडद पाश्चात्त्य गणवेशातील शिस्तबद्ध जपानी सैनिक आणि भडक कपड्यांतले, वेण्या उडवत पळणारे चिनी, हा साचा एकमेकांना जोडलेल्या तीन कागदांवर पुन्हा पुन्हा छापला गेला. सरकारी तपासणी होतीच, पण असा साचा घडवायला हुकमाची गरज नव्हती. गिऱ्हाइकाचा उत्साह पुरेसा होता. कियोचिकाची रात्रीची दृश्ये तर इतकी देखणी आहेत की त्यांतला तिरस्कार नजरेतून निसटतो, आणि माझ्या मते त्यांचा खरा धोका तोच आहे. पुढे १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात छायाचित्रे आणि पोस्टकार्डे यांच्यापुढे ही कला मागे पडली.

सेन्सो-गाच्या मागे सैन्य स्वतः उभे होते. लष्कर आणि नौदल चित्रकारांना काम सोपवीत, अनेकांना आघाडीवर नेत आणि तयार चित्रे प्रदर्शनांतून लोकांसमोर मांडत. फुजिता त्सुगुहारू याच्या १९४३ च्या चित्रात अमेरिकेच्या अलास्काजवळील अट्टू बेटावर जवळजवळ समूळ नष्ट झालेल्या जपानी तुकडीची अखेरची झुंज आहे. तपकिरी गर्दीत कोण कोणाचा हे ओळखणे कठीण. विजयाच्या बातमीवर पोसलेल्या छापचित्रात असा पराभव मावला नसता, पण मरणाचा गौरव करू पाहणाऱ्या लष्कराला तो चालला.

छापचित्रांच्या अनेक प्रती निघत, म्हणून ती संग्राहकांकडे विखुरली. सेन्सो-गा चित्रे एकेकच असल्याने युद्धानंतर अमेरिकेला त्यांपैकी १५३ ताब्यात घेता आली; १९७० मध्ये ती तोक्योच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात परतली, तीही बेमुदत उसनवारीवर.