बोलायला पटाईत, गणितात अडतं: स्पायना बिफिडाची मुलं आणि शाळा

पाठीवर गाठ घेऊन, म्हणजे स्पायना बिफिडा घेऊन बाळ जन्मलं की नातेवाईक आधी विचारतात चालेल का, आणि मग जरा आवाज खाली करून, "डोक्यानं बरं असेल ना?" तर बहुतेक मुलांची बुद्धी नॉर्मलच्या रेंजमध्ये असते, सरासरी बाकीच्या मुलांपेक्षा थोडी खाली येते एवढंच. पण खरी गंमत बुद्ध्यांकाच्या त्या एका आकड्यात नाहीच.

गर्भ राहिल्यावर पहिल्या 28 दिवसांतच मज्जारज्जूची नळी बंद व्हायला हवी, ती खाली कुठेतरी उघडी राहते. आणि हे प्रकरण पाठीपुरतं थांबत नाही. मेंदूचा मागचा भाग मानेकडे खाली सरकतो, पाण्याची वाट अडते आणि डोक्यात पाणी साठतं, म्हणून बऱ्याच मुलांना शंट, म्हणजे ते पाणी डोक्यातून शरीरात दुसरीकडे वाहून नेणारी बारीक नळी, बसवावा लागतो. 1956 मध्ये फिलाडेल्फियाच्या जॉन होल्टर नावाच्या मेकॅनिकनं स्वतःच्या अशाच मुलासाठी धडपडून सिलिकॉनचा व्हॉल्व्ह बनवला, त्यानंतर शंट खऱ्या अर्थानं चालायला लागले.

आता शाळेत काय होतं बघा. मूल गोड बोलतं, मोठ्यांसारखे शब्द वापरतं, धडा धडाधड वाचून दाखवतं, बाई खूश. पण त्याच धड्यावर "तो असं का वागला असेल?" विचारलं की गाडी अडते. गणितात तर जास्तच, हातचा विसरतो, आकडे एकाखाली एक मांडता येत नाहीत, भूमिती म्हणजे डोकेदुखी. दप्तर भरणं, कुठून सुरुवात करायची ते ठरवणं, एका गोष्टीवरून लक्ष काढून दुसरीवर नेणं, हे सगळं जड जातं. मग शेरा येतो "हुशार आहे पण आळशी आहे". अहो, आळस कसला, मेंदूची जडणघडणच तशी आहे! चौकटीची वही, थोडा जास्त वेळ आणि सूचना एका वेळी एकच, एवढ्यानं सुद्धा बराच फरक पडतो.

आणि खरं सांगू का, शाळा सुटते ती बऱ्याचदा बुद्धीमुळे नाही, लघवीमुळे. दर 3-4 तासांनी कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची बारीक नळी, घालावा लागतो, 1972 मध्ये पुढे आलेली आणि आता जगभर मान्य असलेली साधी पद्धत आहे, मोठी झाली की बरीच मुलं स्वतः करतात, पण कडी लागेल असं स्वच्छ टॉयलेट तर हवं ना! 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वयापर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे, त्यामुळे "आमच्याकडे सोय नाही" हे उत्तर मुकाट्यानं ऐकून घेऊ नका.

एक गोष्ट मात्र बाईंनाही सांगून ठेवा. शंट असलेल्या मुलाचं अक्षर अचानक बिघडलं, मार्क घसरले, वर्गात पेंगायला लागलं, सोबत डोकं दुखतंय, उलट्या होताहेत, तर ट्यूशन लावायच्या भानगडीत पडू नका, शंट ब्लॉक झालेला असू शकतो, त्याच दिवशी न्यूरोसर्जनकडे न्या.